सर्वांगाच्या दुखण्याची कैफियत

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, मिठागरे, भातखाचरे आणि आगरी-कोळ्यांची व ख्रिस्ती शेतकऱ्यांची गावे एवढाच ज्याचा एके काळी ऐवज होता, त्या मीरा-भाईंदर परिसरात गेल्या चार-पाच दशकांत एवढी वस्ती येऊन स्थिरावली, की १९८५ साली स्थापन झालेल्या नगरपरिषदेचे २००२ साली महानगरपालिकेत रूपांतर करणे भाग पडले आणि २०११ च्या खानेसुमारीत येथील लोकसंख्येने आठ लाखांचा आकडा ओलांडला. ही वस्ती मुख्यत्वे कष्टकऱ्यांची आणि चाकरमान्यांची आहे. उत्तन-चौकच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालून पाटी डोक्यावर घेणाऱ्या कोळणी, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टेनलेसच्या भांड्यांना पॉलिश करणारे कारागीर, आणि चर्चगेटपासून सुमारे ४३ किलोमीटरांवरच्या या स्थानकातून उभ्याने प्रवास करून संध्याकाळी पुन्हा उभ्यानेच परतणारा कचेरीतला मोठा वर्ग, या सर्वांचे अंग दुखावे यात नवल ते काय! अंगदुखी ही येथे इतकी सार्वत्रिक बाब आहे, की तक्रार म्हणून ती कोणी दप्तरी दाखल करून घेत नाही. आणि नेमकी हीच गोष्ट त्या थोड्या, परंतु नगण्य नव्हेत अशा रुग्णांच्या मुळावर येते, ज्यांचे दुखणे कष्टाने आलेले नसते आणि विश्रांतीने जातही नाही.

असा रुग्ण बहुधा स्त्री असतो आणि वय बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानचे. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, कुठे म्हणून हात ठेवावा तेथे दुखते. सकाळी अंग आंबलेले असते, दुपारी ठणकते, रात्री मोडून येते. सात तास अंथरुणावर पडूनही झोप म्हणून झालेली नसते. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, गॅसवर दूध ठेवल्याचे स्मरत नाही. पंख्याचा वारा, ट्यूबलाइटचा उजेड, शेजारच्या इमारतीतील बांधकामाचा आवाज, यांतले काहीही सोसवत नाही. तिच्या पिशवीत अहवालांची जाड फाइल असते आणि त्या फाइलीतील प्रत्येक कागदावरचे आकडे ठरीव मर्यादेच्या आत असतात. मग तिला सांगितले जाते, की रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हांला काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका. घरीही तोच निवाडा कायम होतो, फक्त तेथे तो अधिक कठोर शब्दांत दिला जातो.

या दुखण्याला आज फायब्रोमायॅल्जिया असे नाव आहे, आणि त्या नावापर्यंतचा प्रवास बराच आडवळणाचा आहे. लंडनचे ख्यातनाम मज्जातंतुतज्ज्ञ सर विल्यम गॉवर्स यांनी १९०४ साली कंबरदुखीवर दिलेल्या एका व्याख्यानात, स्नायूंभोवतीच्या तंतुमय आवरणाचा दाह होत असावा अशा समजुतीने ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द योजला. तो शब्द पुढे पाऊण शतक चालला. कोणी तो दाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचेही सांगितले, परंतु इतरांस त्याची रुजुवात करता आली नाही, आणि शेवटी १९७६ साली दाहाचा दावा सोडून देऊन केवळ स्नायू व तंतूंची वेदना एवढेच सुचविणारे आजचे नाव पुढे आले. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने निदानाचा पहिला नियम घालून दिला: शरीरावरील ठरावीक १८ बिंदूंवर सुमारे चार किलो दाब द्यावा, आणि त्यांपैकी ११ ठिकाणी कळ उठली व तीन महिने सर्वदूर वेदना असली तर निदान निश्चित समजावे. हा नियम मोजदादीला सोयीचा असला तरी त्यात झोपेला, थकव्याला आणि विस्मरणाला जागाच नव्हती. २०१० साली तो बदलण्यात आला, २०१६ मध्ये पुन्हा दुरुस्त झाला, आणि आता शरीराच्या १९ भागांपैकी किती दुखतात याची गणना व त्याच्या जोडीला झोप, थकवा, बुद्धीचे जडत्व यांची तीव्रता, अशा दोन आकड्यांवरून निदान होते. त्यासाठी रक्ताचा थेंबही लागत नाही. रुग्णाला विचारावे लागते, इतकेच.

परंतु अहवालात काही नसणे आणि शरीरात काही नसणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत हे सिद्ध व्हायला बरीच वर्षे लागली. १९७५ साली टोरांटो येथे हार्वे मोल्डोफस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना झोपू तर दिले, पण गाढ निद्रेची अवस्था येताच आवाज करून ती मोडावी असा क्रम चालविला. थोड्याच रात्रींत त्या धडधाकट मुलांचे अंग रुग्णांसारखे दुखू लागले आणि पुरती झोप मिळताच ते थांबले. २००२ साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली व डॅनियल क्लॉ यांनी अंगठ्याच्या नखावर मोजून दाब देत मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा निरोगी माणसाच्या मेंदूत जी खळबळ व्हायला जितका दाब लागे, त्याच्या निम्म्याहून थोड्याच अधिक दाबाने ती या रुग्णांच्या मेंदूत होत असलेली दिसली. म्हणजे ‘दुखते’ असे जे त्या सांगत होत्या ते खरे होते. खोटा होता तो बाहेरच्या माणसाने आपल्या अंगावरून बांधलेला अंदाज.

याची उपपत्ती अशी लावतात. त्वचा, स्नायू व सांधे यांच्याकडून येणारी प्रत्येक वार्ता प्रथम पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत पोहोचते, तेथे तिची छाननी होते आणि मग ती मेंदूकडे रवाना होते. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली दाखवून दिले, की वेदनेच्या सततच्या माऱ्याने या छाननीच्या ठिकाणचाच स्वभाव पालटू शकतो. कचेरीतल्या आवक टपालाच्या कारकुनाने, एखाद्या मोठ्या गडबडीच्या काळात लागलेल्या सवयीने, पुढे येणाऱ्या प्रत्येक किरकोळ अर्जावर ‘तातडीचे’ असा शिक्का मारून तो साहेबांकडे धाडावा आणि साहेबांनीही तो शिक्का पाहून दर वेळी सारे खाते जागे करावे, तसा हा प्रकार होतो. या रुग्णांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात वेदनेची वार्ता वाहणारे ‘सब्स्टन्स पी’ नावाचे द्रव्य निरोगी माणसाच्या सुमारे तिप्पट आढळलेले आहे. उलटपक्षी, मेंदूकडून खाली येऊन वेदना आवरणारी जी यंत्रणा असते ती त्यांच्यात दुबळी असते. यावरून कोणी हा ‘मनाचा आजार’ ठरवील, तर त्याने एवढेच ध्यानात घ्यावे, की दाढदुखीसुद्धा शेवटी मेंदूतच जाणवते.

येथवर चित्र स्पष्ट वाटते, पण अलीकडच्या संशोधनाने ते पुन्हा गुंतागुंतीचे केले आहे. २०१३ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात अशा रुग्णांच्या त्वचेचे सूक्ष्म तुकडे तपासले असता सुमारे चाळीस टक्क्यांत त्वचेतील बारीक मज्जातंतूच विरळ झालेले सापडले. २०१९ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांना रुग्णांच्या आतड्यांतील जीवाणूंचा समूह वेगळा दिसला. २०२१ साली लंडन, लिव्हरपूल आणि स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली, तेव्हा ते उंदीर दाबाला व थंडीला हळवे झाले आणि काही आठवड्यांनी, ती प्रतिपिंडे निघून गेल्यावर, पूर्ववत झाले. म्हणजे एका नावाखाली आपण ज्यांना एकत्र बसविले आहे, ती कदाचित निरनिराळ्या वाटांनी एकाच मुक्कामी पोहोचलेली दुखणी असावीत. एक नाव, एक गोळी, हा वैद्यकाचा नेहमीचा शिरस्ता येथे तोकडा का पडतो, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

आपल्याकडे हे दुखणे शहरी सुखवस्तूंचे लाड आहेत असे मानणाऱ्यांसाठी एक महाराष्ट्रीय दाखला देतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनीच्या जलाशयाशेजारी वसलेल्या भिगवण या गावी पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने घरोघर पाहणी आरंभली. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसे त्यात विचारली-तपासली गेली, आणि शेकडा सुमारे अठरा जणांना सांधे, स्नायू वा हाडे यांचे काही ना काही दुखणे असल्याचे आढळले. ज्याला आपण आमवात म्हणून भितो तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात मात्र शेकडा अर्ध्याच्या आसपास निघाला. उरलेल्या दुखण्यांत मोठा वाटा असा होता, की जो कोणत्याही पुस्तकी चौकटीत नीट बसेना. शेतावर राबणाऱ्या गावातली ही गोष्ट आहे. तेथे टेन्शनचे निमित्त सांगून कोणाची बोळवण करता आली नसती.

एक नाव, एक गोळी या शिरस्त्याऐवजी निराळी वाट सुचविणाऱ्या फंक्शनल मेडिसिन या पद्धतीकडे आता वळू. जेफ्री ब्लँड या अमेरिकन जीवरसायनतज्ज्ञाने आपल्या पत्नीसह १९९१ साली या पद्धतीची संस्था स्थापन केली. रोगाला नाव देऊन त्या नावाला औषध देण्यापेक्षा, शरीरातील कोणती क्रिया बिघडली आहे, ती का बिघडली आणि बिघडलेलीच का राहिली, असा उलटा शोध घ्यावा, हे या पद्धतीचे मुख्य प्रतिपादन. त्यासाठी पचन, संरक्षण, ऊर्जानिर्मिती, मलनिःसारण, अभिसरण, संप्रेरके-मज्जातंतूंद्वारे होणारा आंतरिक संवाद आणि शरीराची रचना, अशा सात खात्यांत रुग्णाची माहिती मांडतात. आणि त्याच्या जन्मापासूनचा कालपट आखून त्यावर तीन प्रकारची कारणे नोंदवितात, ज्यांना आपण पूर्वपीठिका, निमित्त आणि पोषक कारणे म्हणू. भूमी अगोदर तयार करते ती पूर्वपीठिका, ज्या घटनेपासून दुखणे सुरू झाले ते निमित्त, आणि निमित्त संपल्यावरही जी त्याला रोज खुराक पुरवितात ती पोषक. आयुर्वेदाच्या अभ्यासकाला यात फारसे नवीन वाटणार नाही. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती हे आपले निदानपंचक, आणि हेतूंची सन्निकृष्ट-विप्रकृष्ट, म्हणजे जवळचे व दूरचे, अशी विभागणी, याच धर्तीवर विचार करते. (फायब्रोमायॅल्जिया म्हणजेच आमवात, असे समीकरण मांडून मोकळे होणारे वैद्य भेटतात, मला ती घाई वाटते.)

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालावी, हे पाहण्यासाठी मीरा रोडच्या शांती नगरात राहणारी, अंधेरीच्या एका कचेरीत हिशेब लिहिणारी बेचाळीस वर्षांची एक काल्पनिक स्त्री घेऊ. तिची कैफियत नेहमीच्या दवाखान्यात ‘वर्षभर अंग दुखते’ या तीन शब्दांत संपते. तीच घटिकाभर बसून, मध्ये न तोडता ऐकली तर असे निघू शकते: आईलाही असेच दुखायचे आणि घरातले सगळे तिला ‘आजारी बाई’ म्हणत, लहानपणी घरात धाक व भांडणे फार, दुसऱ्या बाळंतपणात रक्त खूप गेले आणि ते पुढे भरून काढले गेले नाही, पाळीला अतिस्राव, तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात चिकुनगुन्या झाला, ताप आठवड्यात उतरला पण सांध्यांची कळ महिनोन्‌महिने राहिली, त्याच हिवाळ्यात वडील गेले, आणि तेव्हापासून अंग कधी मोकळे असे झालेच नाही. चिकुनगुन्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. २००६ साली महाराष्ट्रासह देशाच्या मोठ्या भागात त्याची साथ पसरली, त्यानंतरही तो पावसाळ्यांगणिक डोके वर काढीत राहिला आहे, आणि त्याच्या मागे राहणारी वेदना कित्येकांत दीर्घकाळ चिवटपणे टिकते. ताप गेला म्हणजे आजार गेला, असे मानणाऱ्या घरांत या पाठीमागच्या दुखण्याचे नाते कोणी त्या तापाशी जोडत नाही.

पूर्वपीठिका व निमित्त मिळाले. आता पोषक कारणे. पाणी यायची वेळ पहाटेची म्हणून ती साडेचारला उठते, डबे करून लोकल गाठते, रात्री साडेअकराला आडवी होते आणि मोबाइल बाजूला ठेवीपर्यंत बारा वाजतात. म्हणजे पाच तासांच्या आतली झोप, तीही तुटक. मोल्डोफस्कीने निरोगी मुलांवर जो प्रयोग केला, तो या शहरातील हजारो स्त्रियांवर वर्षानुवर्षे विनामूल्य चालू आहे. तिच्या झोपेत घोरणे व श्वास अडकणे आहे का, रात्री पाय वळवळतात का, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. वास्तविक पायांच्या त्या वळवळीमागे पुष्कळदा शरीरातील लोहाचा साठा आटलेला असतो, आणि फेरिटिन या साध्या तपासणीत तो समजतो.

पोषणाची बाब तर येथे विशेष महत्त्वाची आहे. भाईंदर पश्चिमेला गुजराती व मारवाडी जैन समाजाची दाट वस्ती आहे. बावन जिनालयासारख्या मंदिरांभोवती नांदणाऱ्या या कुटुंबांत मांस, मासे व अंडी तर नाहीतच, काही घरांत दूधही बेताचेच असते. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नात जवळजवळ नसतेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पुणे व आसपासच्या ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांत हे जीवनसत्त्व कमी आढळले होते, आणि शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण खेड्यातल्यापेक्षा अधिक होते. बी-१२ च्या अभावी मज्जातंतूंवरील आवरण झिजते, हातापायांना मुंग्या येतात, थकवा व विस्मरण जडते. म्हणजे फायब्रोमायॅल्जियाचा निम्मा वेश ते एकटेच घेऊ शकते. ‘डी’ जीवनसत्त्वाचेही तसेच. वर्षाचे आठ-नऊ महिने ऊन असलेल्या या किनाऱ्यावर त्याचा तुटवडा व्हावा हे आश्चर्य वाटते खरे, परंतु पहाटे अंधारात निघून संध्याकाळी अंधारात परतणाऱ्याला ऊन भेटणार केव्हा? व्हिएन्नात २०१४ साली, ‘डी’ कमी असलेल्या ३० रुग्ण स्त्रियांवर झालेल्या छोट्या चाचणीत, ते भरून काढल्यावर वेदना काही अंशी उतरल्याचे दिसले. यावरून ‘डी’ हे या दुखण्याचे औषध ठरत नाही. कमी असेल तर ते भरावे, एवढेच ठरते. आणि येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे: औषधाच्या दुकानात मिळणारी ६०,००० युनिटांची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, ती गैरसमजाने रोज घेऊन कॅल्शियम वाढल्यामुळे रुग्णालयात भरती झालेले लोक डॉक्टरांना ठाऊक आहेत.

हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ‘डी’, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, आणि दाहाचा सुगावा देणारे ईएसआर व सीआरपी, एवढ्या तपासण्या केल्या म्हणजे या पोषक कारणांतले पुष्कळसे उजेडात येते, आणि त्यांतली एकही तपासणी परदेशी प्रयोगशाळेची नव्हे. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर तेही पाहावे, कारण त्यानेही स्नायू दुखतात. पोटाच्या तक्रारी या रुग्णांत फार असतात. जेवणानंतर पोट फुगणे, कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब. त्यांची नोंद ठेवून, जो पदार्थ खरोखर बाधतो असे वाटते तो तीन-चार आठवडे सोडून पुन्हा घेऊन पाहणे, म्हणजे जुन्या वैद्यांचा उपशयच, हा मार्ग स्वस्तही आहे आणि प्रामाणिकही.

मात्र याच ठिकाणी फंक्शनल मेडिसिनची दुसरी, मला मुळीच न रुचणारी बाजू सुरू होते. ज्या पद्धतीचे मूळ सामर्थ्य तासभराच्या संभाषणात आहे, तिच्या नावावर हजारो रुपयांच्या तपासण्यांचा आणि डब्यांचा बाजार भरलेला आहे. शंभर-दोनशे अन्नपदार्थांविरुद्धच्या आयजीजी प्रतिपिंडांची जी लांबलचक यादी दिली जाते, ती ॲलर्जीतज्ज्ञांच्या मान्यवर संस्थांच्या मते निरुपयोगी आहे. ते अन्न आपण खाल्ले आहे याखेरीज तिच्यातून काही सिद्ध होत नाही, परंतु ती पाहून घाबरलेली स्त्री गहू, दूध, डाळ सारे सोडून देते आणि अगोदरच्या दुबळेपणात उपासाची भर घालते. केसांची तपासणी, ‘विषारी धातू’ काढण्याचे सलाईन, हेही त्याच पंक्तीतले. डब्यांतील पूरक द्रव्ये आपल्या कायद्यात औषध म्हणून नव्हे तर खाद्यपदार्थांच्या सदरात मोडतात, त्यामुळे रोग बरा करण्याचा पुरावा बाजारात येण्यापूर्वी कोणी मागत नाही. ती सर्वस्वी निरुपद्रवी आहेत असेही नव्हे: बी-६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतले तर त्यानेच मज्जातंतू बिघडतात, आणि अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याची प्रकरणे भारतातूनही नोंदली गेली आहेत.

पुराव्याविषयी बोलायचे तर तो आहे, पण पातळ आहे. जेकब टायटेलबॉम यांनी २००१ साली ७२ रुग्णांवर केलेल्या चाचणीत झोप, संप्रेरके, पोषण आणि संसर्ग या सर्वांवर एकदम उपाय केला, आणि नकली औषध घेतलेल्यांपेक्षा त्यांना अधिक आराम पडला. पण दहा गोष्टी एकदम केल्या म्हणजे गुण कशाने आला हे सांगता येत नाही. क्लीव्हलँड क्लिनिकने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत फंक्शनल मेडिसिनच्या रुग्णांची प्रकृती सहा महिन्यांत साध्या कुटुंबवैद्याकडच्यांपेक्षा थोडी अधिक सुधारलेली दिसली, मात्र कोणी कोठे जायचे हे रुग्णांनी स्वतःच ठरविलेले होते, आणि जो वेळ व पैसा खर्चून अशा ठिकाणी जातो तो आधीच निराळ्या निर्धाराचा माणूस असतो. अमेरिकेतील कुटुंबवैद्यांच्या संघटनेने २०१४ साली या पद्धतीच्या अभ्यासक्रमांची मान्यता काढून घेतली होती; पुढे ती अंशतः परत दिली. मला वाटते, त्या संघटनेचा तो संशयही योग्य होता आणि ते अंशतः परत देणेही.

रूढ वैद्यकाचीही बाजू येथे फारशी भक्कम नाही, हे सांगणे न्यायाचे होईल. अमेरिकेत प्रेगॅबॅलिन २००७ साली, ड्युलॉक्सेटिन २००८ साली व मिल्नासिप्रॅन २००९ साली या रोगासाठी मंजूर झाले. रात्री अल्प मात्रेत दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन तर त्याहून जुने. काहींना त्यांनी चांगला आराम पडतो, पुष्कळांना थोडा, आणि बऱ्याच जणांना झापड व वजनवाढ एवढीच प्राप्ती होते. नेहमीची वेदनाशामके फारशी लागू पडत नाहीत, कारण आवरायला दाहच नसतो. आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ‘ताकद येईल’ म्हणून टोचल्या जाणाऱ्या स्टेरॉइडला तर या रोगात काहीही स्थान नाही. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या महासंघाने २०१६ साली साऱ्या उपायांचा धांडोळा घेतला तेव्हा ज्याची निःसंदिग्ध शिफारस करता आली असा एकच उपाय उरला: व्यायाम.

आणि नेमका हाच उपाय रुग्णाला क्रूर थट्टेसारखा वाटतो. जिला बादली उचलवत नाही, तिला चालायला जा म्हणून सांगायचे! शिवाय असे सांगणारे बहुधा कसे चालायचे ते सांगत नाहीत. तिचा खरा घात निराळ्याच सवयीने होतो: एखादा दिवस बरा उजाडला, की ती आठवड्याची तुंबलेली कामे, माळा आवरण्यापासून पडदे धुण्यापर्यंत, त्या एका दिवसात उरकते आणि पुढले चार दिवस अंथरूण धरते. तेव्हा पहिला नियम असा, की बऱ्या दिवशी आवरायचे आणि वाईट दिवशी थोडे तरी हलायचे. भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्क चौपाटीवर, खाडीच्या काठाने, सपाट जागी रोज पाच मिनिटे चालावे. दुसऱ्या दिवशी त्याचा जाब अंगाने मागितला नाही तर आठवडाभराने एक-दोन मिनिटे वाढवावीत. जाब मागितला तर तेथेच थांबावे, परंतु मागे येऊ नये. अमेरिकेत ओरेगन येथे २०१० साली ५३ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांच्या सौम्य योगाभ्यासाने, त्याच वर्षी बोस्टनमध्ये ६६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ताई-ची या चिनी संथ व्यायामाने, वेदना व थकवा लक्षणीय कमी झाले. यांत समान काय, तर गती मंद, श्वास दीर्घ, आणि अंग ताणताना ‘यात धोका नाही’ असा मज्जासंस्थेला पुनःपुन्हा मिळणारा धडा.

झोपेचा बंदोबस्त त्याच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याही आधी केला पाहिजे, आणि तो एकट्या रुग्णाच्या हातचा नाही. पहाटेचे पाणी भरण्याचे काम नवऱ्याने वा मोठ्या मुलाने घेतले तर त्या स्त्रीला दीड तासाची अखंड झोप मिळते. कोणत्याही डब्यात तेवढ्या गुणाचे औषध मला आढळलेले नाही. फंक्शनल मेडिसिनचा कालपट खरोखर उपयोगाला येतो तो अशा ठिकाणी, कारण घरातल्या माणसांसमोर तो कागद उलगडला, बाळंतपण, ताप, मृत्यू, नोकरी, झोप या क्रमाने, म्हणजे ‘हिला सदाच काहीतरी होते’ या जुन्या निवाड्याचा फेरविचार करणे त्यांना भाग पडते. ज्या स्त्रियांच्या वाट्याला बालपणी धाक किंवा मार आला, त्यांच्यात पुढे अशी दुखणी अधिक आढळतात, हे अनेक पाहण्यांतून दिसलेले आहे. अशांना समुपदेशनाचा, विशेषतः वेदनेकडे पाहण्याची सवय पालटविणाऱ्या उपचाराचा, लाभ होतो. मात्र ‘सर्व मनाचे आहे’ असे सांगून त्यांना तिकडे पाठविणे आणि त्यांचे सांगणे खरे मानून पाठविणे, यांत महदंतर आहे.

काही लक्षणे दिसली तर मात्र हा सारा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा: सांध्याला डोळ्यांना दिसेल अशी सूज, ताप, विनाकारण उतरणारे वजन, हातापायांतील शक्ती जाणे, चेहऱ्यावर उन्हाने उठणारे चट्टे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली खांद्यांची व मांड्यांची जखडण, विशेषतः तिच्या जोडीला कानशिलात डोकेदुखी असेल तर. तेथे दुसरेच काही दडलेले असू शकते. उलट फायब्रोमायॅल्जिया ठरल्यावर, त्याने सांधे वाकडे होत नाहीत, अवयव निकामी होत नाहीत, हे रुग्णाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने मोजावी, आणि वेदना किती उरली यापेक्षा आठवड्यातले किती दिवस घरचे व कचेरीचे काम निभावले, ते मोजावे.

राहिला प्रश्न वेळेचा. टेंभा येथील भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात किंवा वॉर्डातल्या आपला दवाखान्यात डॉक्टरांपुढे जी रांग असते, ती पाहता तासभराची मुलाखत ही चैनच ठरते, आणि म्हणूनच ती ज्यांना परवडते त्यांनाच विकली जाते. पण विचार केला तर कालपटाचे बहुतेक काम डॉक्टरांचे नव्हेच. एका कागदावर छापलेली शरीराची आकृती, तिच्यातील १९ भागांपैकी दुखणाऱ्यांवर खूण, झोप-थकवा-विस्मरण यांना शून्य ते तीन असे गुण, आणि मागल्या बाजूस ‘हे केव्हापासून, आणि त्याआधी काय झाले होते’ या एका प्रश्नाखाली रिकाम्या ओळी. हा फॉर्म आशा कार्यकर्ती घरी जाऊन भरून घेऊ शकते, किंवा रांगेत बसलेली बाई, लिहिता येत नसल्यास सोबतच्या मुलीकडून, स्वतःच भरू शकते. केसपेपरला तो टाचून आत गेला, तर डॉक्टरांना वाचायला दोन मिनिटे पुरतील.